पडल्या रावणाचा धडा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच आदरणीय क्रांतीताई मेटकरी. कोइमतूरमधलं सोनं गाळायचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून खास या कार्यक्रमासाठी गावी आलेले प्रमुख पाहुणे नानासो शितोळे. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, माझे गुरू, गेली चौतीस वर्षं आपल्या जत्रेच्या नाटकातले रावण, दादासो पानस्कर गुरुजी. जत्रा कमिटीची मंडळी, माझ्या शाळेतले सहकारी, समोर बसलेल्या माता-भगिनी, बंधूंनो, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले माझे वडील, पलटणीतले माजी हवालदार आकाराम निकम.

स्वतःच्या वडिलांचं नाव असं व्यासपीठावरच्या नावांबरोबर घेत नाहीत, ते संकेतात बसत नाही, हे मला माहीत आहे. ते घेतल्यावर दोन-तीन जणांनी एकमेकांकडं बघितलं, तेही मला दिसलं. बावीस वर्षं वर्गात उभा आहे, शेवटच्या बाकावर काय चालतं ते मला सगळ्यात आधी दिसतं. पण आज ते नाव घ्यायचं असं ठरवूनच मी घरातून निघालो.

कमिटीनं मला सांगितलं, "सर, तुमी गुरुजींचं लाडकं विद्यार्थी, त्यात लक्ष्मण. धा मिन्टं बोला. जास्त न्हाई, आमटी गार हुती." आमटीची काळजी रास्त आहे. मी भाषण जत्रेच्या आधीच लिहून ठेवलं होतं, चांगली चार पानं. ती आत्ता माझ्या खिशात आहेत. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे की गुरुजी नसते तर मी आज इथं उभा नसतो. वाक्य खरं आहे. ते किती खरं आहे हे मला सतरा दिवसांपूर्वी, नाटकाच्या दिवशी कळलं. म्हणून ती पानं मी खिशातच ठेवतो आणि जमेल तसं बोलतो. गुरुजी, तुम्हीच शिकवलंय की पाठ केलेलं विसरलं तर गप्प उभं राहू नये, जे खरं आहे ते बोलावं.

नानासोंबरोबर काही पाहुणे पहिल्यांदाच आपल्या गावी आले आहेत. त्यांना आपली रीत सांगितली पाहिजे, नाहीतर चौतीस वर्षं रावण झाला म्हणून एखाद्याचा सत्कार का करायचा, असा प्रश्न त्यांना पडेल.

आपल्याकडं रावण जाळत नाहीत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नाटक उभं राहतं आणि उन्हं कलायला लागली की रावण पडतो. तो पडला की मेटकऱ्यांच्या घरातलं वडीलधारं माणूस येऊन त्याच्या अंगावर घोंगडं टाकतं. मेटकरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे, त्यामुळं घोंगड्याचा मान त्यांचा. मग राम लक्ष्मणाला सांगतो, एवढा विद्वान माणूस चालला आहे, जा, त्याच्याकडून काहीतरी शिकून ये. लक्ष्मण तोऱ्यात जाऊन उशाशी उभा राहतो. रावण तोंड फिरवतो. मग लक्ष्मणाला पायाशी यावं लागतं, हात जोडावे लागतात, तेव्हा कुठं रावण बोलतो. इथपर्यंत सगळं जुन्या कथेतलंच आहे. आपल्या गावानं त्यात एक भर घातली. तिथं रावणानं पाठ केलेलं बोलायचं नाही. त्या वर्षात स्वतःला जे उमगलं ते सांगायचं. त्याला आपण रावणाचा धडा म्हणतो. आणि आपली जुनी माणसं सांगायची, पडला रावण खोटं बोलत नाही.

गुरुजींचे धडे आठवतात का तुम्हाला? एका वर्षी म्हणाले, "लक्ष्मणा, मला स्वर्गाला शिडी लावायची होती. उद्या लावू, परवा लावू म्हणत राहून गेली. जशी तुमच्या शाळेतल्या मुलींची संडासं राहून गेली आहेत." अख्खा मांडव हसला. त्या वेळचे सरपंच सोडून. आणि महिन्याच्या आत संडासं उभी राहिली. एका वर्षी सुनांना माहेरी पाठवत नाहीत म्हणून त्यांनी अख्ख्या मधल्या आळीला झोडपलं. रावण मरता मरता आपल्याला रागावतो आणि आपण वर्षभर त्याची वाट बघतो, असं हे गाव आहे.

पाटण खोऱ्यातून एक चोवीस वर्षांचा मास्तर पुस्तकांची पत्र्याची पेटी घेऊन या माळावर आला, त्याला त्रेपन्न वर्षं झाली. तिकडं पाऊस धो धो, इकडं प्यायच्या पाण्याला मारामार. लोक म्हणाले, हे पोरगं चार महिन्यांत पळतंय. ते पळालं नाही. गुरुजींनी आम्हाला व्याकरण शिकवलं, तारे ओळखायला शिकवलं, पेटी वाजवायला शिकवलं. त्यांचं अक्षर असं की पंचनाम्याचे कागदसुद्धा लोक त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. ही स्तुती मी मनापासून करतोय, पुढं काय बोलणार आहे म्हणून हातचं राखून करत नाही.

आणि वर्गात कुणी रावणाला नुसता राक्षस म्हटलं की गुरुजी खवळायचे. म्हणायचे, "राक्षस म्हणून मोकळे होऊ नका रे. त्याला वेद येत होते, वैद्यकी येत होती, राज्य कसं चालवावं ते येत होतं. शंकराला प्रसन्न करायला त्यानं स्वतःच्या शिरा काढून वीणेला तारा लावल्या म्हणतात. एवढं ज्याला येत होतं, त्याला दुसऱ्याचं माणूस पळवू नये एवढी साधी गोष्ट कळली नसेल का?" गुरुजी म्हणायचे, मोठे झालात की सांगा. आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. आम्ही मोठे झालो, मी अठरा वर्षं त्याच रावणापुढं लक्ष्मण म्हणून हात जोडून उभा राहिलो, माझं पोट सुटलं, तरी उत्तर काही सुचलं नाही.

आता यंदाच्या धड्याकडं येतो.

यंदाचा रावण गुरुजींचा शेवटचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. रंग लावायच्या आधी गुरुजींनी नेहमीसारखं सीतेच्या पाया पडून घेतलं. सीता झालेली आपली प्रांजल, परिचारिकेचं शिक्षण घेते, त्यांच्या नातीच्या वयाची; ती बिचारी दरवर्षी लाजून मागं सरते. युद्ध झालं, बाण लागला, गुरुजी पडले, घोंगडं आलं. मी उशाशी गेलो, मग पायाशी आलो, हात जोडले. आणि गुरुजी बोलले. मी शब्द न्‌ शब्द सांगतो, कारण सतरा दिवस दुसरं काही माझ्या कानात नाही.

ते म्हणाले, "लक्ष्मणा, सीता हे माझं पहिलं हरण नव्हे. तिच्या आधी मी एका शिपायाचा लेक पळवला. रथ लागला नाही, एक कागद पुरला. ते पोर सहा वर्षांचं असताना त्याला तापात झटका आला. बाप पलटणीत होता. मी त्याला सायकलवर घालून वैद्याकडं नेलं. आणि तेच पोर मोठं होऊन लढाईवर निघालं, तेव्हा तो झटका मी डाव्या हातानं कागदावर लिहून कळवला. मायेपोटी लिहिलं, असं मी नऊ तोंडांनी स्वतःला सांगितलं. दहाव्या तोंडाला ठाऊक होतं. मी लावलेलं झाड मला माझ्याच अंगणात हवं होतं. आळ त्याच्या बापावर आला आणि मी बघत बसलो. चांगलं काम लांबवू नये, हे मी तुला दरवर्षी सांगतो. माझं एक लांबलं. सव्वीस वर्षं."

सायकल म्हटल्यावर तुम्ही हसलात. डावीकडून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "पुष्पक पंक्चर हाय व्हय गुरुजी?" नंतर सगळे गंभीर झालात, बायकांनी डोळे पुसले, आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. नानासोंनी तिथल्या तिथं पुढच्या रावणासाठी नवा मुकुट जाहीर केला. माईकवर कुणीतरी म्हणालं, काय कल्पना, काय कल्पना. मला एकच वाक्य बोलायचं होतं, "धन्य झालो, लंकेश्वरा." ते मला आठवलं नाही. पडद्यामागून तीनदा सांगितलं तरी माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकात लोक मला म्हणाले, सर, यंदा लक्ष्मणबी लय रंगला.

मंडळी, ती कल्पना नव्हती. तो शिपाई शेवटच्या रांगेत बसला आहे. आणि लेक मी.

बसा. कृपा करून कुणी उठू नका. कमिटीच्या लोकांनी माझ्याकडं असं बघू नये, मी पिऊन आलेलो नाही. क्रांतीताई, मला आणखी थोडा वेळ द्या. आभारी आहे.

जाणत्यांना आठवत असेल. माझा थोरला भाऊ शंभूराज पलटणीत होता. सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. तो याच शाळेचा, गुरुजींचाच विद्यार्थी. त्याच्यानंतर दोन वर्षांनी मी एकोणिसाव्या वर्षी भरतीला उतरलो. धावलो, मोजमाप झालं, सगळ्यात पास झालो. आईनं निघताना दाराआड घेऊन सांगितलं, "ल्हानपनी तुला येकदा झटका आलाता. ते कुटं बोलू नगंस." आई रडत होती. आबा रडले नाहीत. म्हणाले, "जायाचं आसंल तर जा. मागं बघत जाऊ नगंस." एवढंच. घरातून एक मुलगा गेलेल्या बापानं दुसऱ्याला असं सांगणं म्हणजे काय, ते मला त्या वयात कळलं नाही. आता मला मुलं आहेत, आता थोडं कळतं.

पुढं भरतीच्या कार्यालयात साहेबांनी मला बोलावलं आणि एक कागद माझ्याकडं फिरवला. "उमेदवारास लहानपणी झटके आलेले आहेत. खात्री करावी. एक हितचिंतक." अक्षर मोठं, वाकडंतिकडं, ओळ सोडून खाली उतरलेलं. ज्यानं आयुष्यात फारसं लिहिलंच नाही अशा माणसाचं. आबांचं अक्षर असंच आहे. आणि झटक्याचं आई-आबांशिवाय कुणाला ठाऊक असणार? साहेबांनी विचारलं, हे खरं आहे का? मला खोटं बोलता आलं नाही. मी घरी परत आलो.

आबा गोठ्यात होते. मी म्हणालो, "अर्ज तुमी केलासा." ते म्हणाले, "म्या न्हाई केला." मी विचारलं, "मग झटक्याचं कुणाला ठाऊक?" आबांनी माझ्याकडं बघितलं आणि वैरण टाकायला वळले. मला वाटलं, सापडला.

आता माझी करणी ऐका. मी हे घरात ठेवलं नाही. स्टँडच्या चौकात, चहाच्या टपरीवर, तालमीत, जिथं माणूस भेटेल तिथं सांगितलं की माझ्या बापानंच माझ्याविरुद्ध अर्ज केला. गावानं त्यांना नाव ठेवलं, अर्जवाले हवालदार. तुम्ही सगळ्यांनी ते म्हटलंय. निदान ऐकलं तरी आहे. शाळेतली पोरं त्यांच्या मागून म्हणायची आणि मी शिक्षक असून ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. ज्या माणसानं पलटणीत वीस वर्षं काढली, ज्याचा एक लेक तिरंग्यात परत आला, त्याला आपण अर्जवाला केलं. त्यांनी चौकात येणं सोडलं. नाटकाला येणं सोडलं. देवळात जातात ते पुजारीसुद्धा उठायच्या आधी.

शिकायला बाहेर होतो तेवढा काळ सोडला तर आम्ही एकाच घरात राहिलो, आणि सव्वीस वर्षं मी त्यांच्याशी सरळ बोललो नाही. काही विचारायचं झालं तर राजेश्वरीला, माझ्या बायकोला सांगायचं, आबांना विचार औषध संपलं का. आबा तिथंच समोर. तेही तिलाच सांगायचे, हाय म्हणावं चार दिसाचं. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. जाताना म्हणाली, "विश्वा, आबास्नी येकदा इचार." मी हो म्हणालो आणि विचारलं नाही.

आणि या सगळ्यात माझा हात कुणी धरला? भरतीतून परत आल्यावर आठव्या दिवशी गुरुजी घरी आले. हातात अध्यापक विद्यालयाचा अर्ज. म्हणाले, "बंदूक गेली तर खडू आहे." मला सांगलीला घेऊन गेले, विश्रामबागेत खोली बघून दिली. महिन्याला यायचे, गोडेतेलाचं लोणचं आणि पुस्तकं घेऊन. मुलाखतीला त्यांचा कोट घालून गेलो. लग्न त्यांनी जमवलं. प्रत्येक गुरुपौर्णिमेला मी यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि प्रत्येक वेळी मनात म्हणालो, बापानं बुडवलं, यांनी तारलं.

रावणानं सीतेला अंधारकोठडीत टाकलं नव्हतं. अशोकवनात ठेवलं, सावली दिली, दासी दिल्या, हवं-नको बघितलं. जायची वाट तेवढी दिली नाही. हे लहानपणी गुरुजींनीच सांगितलेलं. माझं अशोकवन विश्रामबागेत होतं. तिथं लोणचं उत्तम मिळत होतं.

तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? सर झालात, मान मिळाला, जिवंत आहात. मलाही तोच प्रश्न आहे. मला शिकवायला आवडतं. सकाळी शाळेचं कुलूप उघडताना मला बरं वाटतं. मी सुखी आहे, आणि हे सुख माझ्या बापाच्या नावाला डाग लावून मिळालेलं आहे. त्याचं मी काय करू, हे मला कुणीतरी सांगा. मी पलटणीत गेलो असतो तर कदाचित शंभूदादासारखा परत आलो असतो, हेही खरं आहे. पण तो कागद माझा होता. तो मी लिहायचा होता किंवा फाडायचा होता.

नाटक संपल्यावर मी लक्ष्मणाच्या कपड्यांतच घरी गेलो. आबा अंगणात खुरप्याला धार लावत होते. सव्वीस वर्षांनी मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोललो. "आबा, अर्ज गुरुजींनी केलाता."

आबांनी मान वर केली नाही. "व्हय."

"तुमाला ठाऊक हुतं?"

"तवापास्नंच. तू झटक्याचं बोललास तवाच उमगलं. सायकल त्यांची हुती की."

"मग बोलला न्हाईसा का?"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, "काय बोलायचं? तू मला सोडलंच हुतंस. मास्तरबी सोडला आसतास. येक थोरलं मानूस तरी जाग्यावर ऱ्हाऊ दे म्हणलं पोराला. त्यो शिकवीत हुता तुला. मला काय येत हुतं शिकवाया?"

मंडळी, मी खाली बसलो. अंगावर तो चमकीचा अंगरखा, खांद्याला लाकडी धनुष्य. मला धड रडतासुद्धा येईना. चौतीस वर्षं आपण ज्याला विद्वान म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं, त्यानं कळत असून केलं आणि कळत असून गप्प बसला. आणि ज्याला आपण अडाणी, अर्जवाला म्हटलं, तो सगळं कळत असून गप्प बसला. दोघंही गप्पच बसले. पण एक जण स्वतःसाठी आणि एक जण माझ्यासाठी. आईला हे ठाऊक असणार. तिनं मला वाट दाखवली होती, मी तिच्याकडं पाठ केली.

हे मी सतरा दिवस फक्त राजेश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, "सभेत बोलायचं तर बोला. पण चिडून बोलू नका, आणि रडून तर बिलकुल नको. लोकं तुमच्याकडंच बघत बसतील आणि आबा परत मागं ऱ्हातील." म्हणून मी हे असं, हजेरी घेतल्यासारखं बोलतोय. आणि आज सकाळी मी आबांना म्हणालो, माझ्याबरोबर सभेला चला. ते काही न विचारता इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

गुरुजी, आता तुमच्याशी. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या दारी आला नाहीत आणि मी तुमच्या. मी तुम्हाला राक्षस म्हणणार नाही. तसं म्हणून मोकळं व्हायचं नाही, हे तुमचंच शिकवणं आहे. तुम्ही मला सायकलवर विट्याच्या वैद्याकडं नेलंत म्हणून मी जगलो असेन, त्याचं ऋण आहे. तुम्ही वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आज देतो. त्याला कळत होतं, गुरुजी. सगळं कळत होतं. जास्त कळणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायला जास्त कारणं सापडतात, एवढाच काय तो फरक. माझ्यासारख्याला एक सापडतं, त्याला दहा सापडली.

नाटकात तुम्ही खरं बोललात, त्याला हिंमत लागली असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेव्हा तोंडाला रंग होता, अंगावर घोंगडं होतं आणि ऐकणारे टाळ्या वाजवायला बसले होते. शिवाय ज्याच्याजवळ बोलायचं, तो माणूस मांडवात नव्हताच. तो सव्वीस वर्षं नाटकाला येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. आज तो आला आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर लिहिलंय, सत्कारमूर्तींचं उत्तर. गुरुजी, त्या उत्तरात आमचे कुणाचे आभार मानू नका. तुमच्या स्वतःच्या धोतरात, रंग न लावलेल्या तोंडानं, उभं राहून, तो अर्ज तुम्ही लिहिला, त्यांनी नाही, एवढं एक वाक्य हवालदार आकाराम निकम यांच्याकडं बघून बोला. ते बोललात तर तुमची शाल मी स्वतः तुमच्या खांद्यावर घालीन. नाही बोललात तर ती क्रांतीताई घालतील, त्यालाही माझी हरकत नाही. तुम्ही चौतीस वर्षं आपलं नाटक उभं केलंत, तो सत्कार तुमचा आहेच.

गुरुजींनी चष्मा काढला. पाणी द्या कुणीतरी त्यांना. ठीक आहे. ठीक आहे गुरुजी, बसून घ्या, तुमची पाळी यायची आहे.

माझं आता संपतच आलं. रीतीप्रमाणे आभार मानतो. अध्यक्षांनी दहा मिनिटांच्या जागी मला एवढा वेळ दिला, त्यांचे आभार. नानासो, तुमच्या दुकानात सोनं गाळून कचरा वेगळा निघतो, इथं काही तसं होत नाही, तरी तुम्ही शेवटपर्यंत बसलात, तुमचे आभार. आमटी गार झाली असेल, ती ज्यांना परत तापवावी लागेल त्या आयाबायांचे आधीच आभार.

आणि बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं, असं इथं म्हणायचं असतं. ते सभा घालेलच, सभेचं पोट मोठं असतं. पण माझी खरी चूक सभेच्या बाबतीत झालेली नाही. आबा, ती तुमच्या बाबतीत झाली आहे.

आबा, उठू नका. बाहेर जाऊ नका. एवढं ऐका आणि मग जा.

घरात माफी मागायची तर मी त्याच दिवशी मागितली असती. पण मी तुमचं नाव घरात घालवलं नव्हतं. चौकात घालवलं, टपरीवर घालवलं, चार माणसांत मोठ्यानं बोलून घालवलं. म्हणून आज चार माणसांत, गावानं माईक दिला आहे तेवढ्या मोठ्यानं सांगतो. हवालदार आकाराम निकम यांनी त्यांच्या मुलाविरुद्ध कधीही, कसलाही अर्ज केला नव्हता. हे त्या मुलानं स्वतः सांगितलं आहे. उद्यापासून कुणाच्या तोंडून 'अर्जवाले' हे नाव निघालं तर त्यानं आधी माझं नाव घ्यावं.

आबा, तुमी अर्ज केला न्हवता. म्या चुकलो. मला माफ करा.